आधीं कान, मग वाणी

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०



शुभवर्तमान सांगणें हें प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत कोणास नव्यानें सांगावयास नको. उपदेशक असो, शाळामास्तर असो, कीं शेतावर मजुरी करणारा साधा विश्वासी असो, ज्यास प्रभूची गोडी कळली त्यास ती आपल्या शेजाऱ्यास कळवावी असें वाटतेंच. परंतु सांगण्याच्या आधीं जें एक काम करावयाचें असतें, त्याविषयीं आपल्या सभांतून फार थोडें बोललें जातें. तें काम म्हणजे ऐकणें. आज त्याच कामाविषयीं वरील शास्त्रपाठाच्या आधारें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फिलिप्प सुवार्तिकाची ही कथा आपणांस ठाऊक आहे. शोमरोनांत त्याच्या हातून मोठें काम चाललें होतें. लोकांच्या झुंडी जमत होत्या, नगरांत आनंदीआनंद झाला होता. अशा ऐन सुगींतून देवानें आपला कामकरी उचलला आणि यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर त्यास पाठविलें. कशासाठीं? रथांतून जाणाऱ्या एका परक्या मनुष्यासाठीं. हा मनुष्य कूशी लोकांची राणी कांदके हिच्या सर्व खजिन्यावरचा अधिकारी होता. तो भजनासाठीं यरुशलेमेस आला होता आणि आतां आपल्या देशीं परत चालला होता.

आतां फिलिप्प काय करतो तें क्रमानें पाहा. आत्मा त्यास रथाजवळ जाण्यास व रथाला लागून राहण्यास सांगतो. काय बोलावें याविषयीं या ठिकाणीं एक अक्षरही आज्ञा नाहीं. आज्ञा आहे ती जवळ जाण्याची. फिलिप्प धांवत जातो, तों त्याच्या कानीं यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचें वाचन पडतें. त्या काळीं मनुष्य एकटा असला तरी ग्रंथ पुष्कळदां मोठ्यानें वाचीत असे. श्रावणांत आपल्या खेड्यांत पोथी वाचतात तसें. फिलिप्प तें ऐकतो आणि मग एकच प्रश्न विचारतो कीं, जें वाचीत आहां तें समजतें काय? अधिकारी आपली अडचण मोकळेपणानें सांगतो आणि त्यास वर येऊन जवळ बसण्याची विनंति करतो. फिलिप्प आपण होऊन रथांत चढत नाहीं, बोलाविल्यावर चढतो. चढल्यावरही पुढचा प्रश्न त्याचा नव्हे, अधिकाऱ्याचा आहे : संदेष्टा हें कोणाविषयीं बोलतो, स्वतःविषयीं कीं दुसऱ्या कोणाविषयीं? तेव्हां कोठें, पस्तिसाव्या ओवींत, फिलिप्पाचें तोंड उघडतें. आणि तो आपल्या भाषणास आरंभ करतो तो त्याच शास्त्रलेखापासून, जेथें त्या प्रवाशाचें बोट टेकलेलें होतें.

प्रिय वाचकहो, हा क्रम सहज घडलेला नाहीं असें आम्हांस वाटतें. तो अधिकारी षंढ होता, हें शास्त्र आपणांस मुद्दाम सांगतें. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभीं जो नियम आहे, त्याप्रमाणें अशा मनुष्यास परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नव्हता. एवढ्या दूरचा प्रवास करून तो भजनास आला, आणि दाराबाहेरून परत चालला असला तर नवल नाहीं. त्याच्या हातांत ग्रंथाचा जो भाग होता, त्यांत कोणाचें वर्णन आहे? ज्याची विटंबना झाली, ज्यास न्याय मिळाला नाहीं, ज्याच्या वंशाविषयीं बोलावयासही कोणी उरला नाहीं, अशा एका सेवकाचें. स्वतःच्या पोटीं लेकरूं नसलेल्या त्या मनुष्याचें मन तेथेंच कां अडकलें असावें, हें आपल्या खेड्यांतील कोणत्याही निपुत्रिकास विचारावें. त्यास तें पंडितापेक्षां अधिक कळेल.

समजा, फिलिप्पानें धांवत जाऊन मूर्तिपूजेच्या व्यर्थतेवर व्याख्यान दिलें असतें. त्यांतील प्रत्येक शब्द खरा असता. पण तो मनुष्य मूर्तिपूजक नव्हताच. औषध उत्तम, परंतु रोग दुसऱ्याचा, अशी गत झाली असती. फिलिप्पानें ऐकिलें म्हणून त्याचें उत्तर त्या मनुष्याच्या प्रश्नाचें उत्तर झालें. आणि पुढें पाणी दिसतांच तो अधिकारी काय विचारतो? आपल्या बाप्तिस्म्यास आतां कोणती आडकाठी आहे, असें. ज्यास जन्मभर आडकाठीच होत आली, त्यानेंच हा प्रश्न करावा! फिलिप्पाच्या कानीं आधींचें सारें पडलें नसतें तर या प्रश्नांतील आर्तताही त्यास कळली नसती.

फिलिप्प हा तर शिष्य झाला. प्रत्यक्ष प्रभूचा कित्ता काय आहे? लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायांत अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य खिन्न मुद्रेनें चालले आहेत. प्रभु त्यांस येऊन मिळतो आणि कोणत्या गोष्टीविषयीं बोलत आहां म्हणून विचारतो. ज्या मरणाचा वृत्तांत ते सांगणार, तें मरण त्याचेंच. त्यास काय ठाऊक नव्हतें? तरी तो त्यांना सर्व बोलूं देतो. त्यांची मोडलेली आशा, त्यांचा गोंधळ, स्त्रियांच्या निरोपावर न बसलेला त्यांचा विश्वास, हें सारें तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. मग मोशेपासून आरंभ करून तो त्यांस शास्त्राचा अर्थ सांगतो. सर्वज्ञानें ऐकिलें, आणि आम्ही अल्पज्ञांनीं न ऐकतां बोलावें, हें शोभतें काय?

उलट उदाहरण पाहिजे असल्यास ईयोबाच्या मित्रांचें पाहा. त्यांस आपण दोष देतों, पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं त्यांनीं एक फार थोर काम केलें आहे. मित्राचें दुःख अपार आहे असें पाहून ते सात दिवस व सात रात्रीं त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले व एक शब्दही बोलले नाहींत. तोंवर ते खरे मित्र होते. पुढें तोंडें उघडलीं आणि ईयोबाचें न ऐकतां ते देवाची बाजू मांडूं लागले. शेवटीं ज्याची बाजू त्यांनीं घेतली होती तो देवच त्यांच्यावर रागावला. देवाच्या वतीनें बोलणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट उशाशीं बाळगावी.

आतां आपल्या देशाकडे वळूं. महाराष्ट्रांत ज्यांच्या शब्दास वजन आलें, त्यांनीं पुष्कळ ऐकिलें होतें, असें आढळून येतें. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं झाला आणि तीनच वर्षांनीं, १८५७ सालीं, त्यांचें ‘यमुनापर्यटन’ हें पुस्तक निघालें. त्यांतील यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या तिच्या कानीं येतात. विधवांस उपदेश करणारे त्या काळीं थोडे नव्हते. त्यांचें म्हणणें कागदावर उतरविण्याइतकें लक्ष देऊन ऐकणारे मात्र विरळा होते. पंडिता रमाबाई यांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांच्या मरणापर्यंत हें काम चाललें होतें. संस्कृतांत पारंगत असलेल्या या विदुषीस जड भाषा लिहिणें सोपें होतें. पण केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळानें गांजलेल्या खेड्यापाड्यांतील बायकामुलींत त्यांचे दिवस गेले होते, आणि अशा अडाणी बाईसही समजावें इतकें सोपें मराठी लिहावयाचें, हा त्यांचा निश्चय होता. शेजारणीचें बोलणें ज्याच्या कानीं बसलें नाहीं त्याच्या लेखणींत तें उतरणार कोठून?

रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत असत. या एका वाक्यांत उपदेशकांस केवढा धडा आहे! एखाद्या उतावळ्या बोधकानें त्यांस गांठून आधीं तुकोबांवरच हातोडा चालविला असता, तर ज्या पुलावरून हा मनुष्य यावयाचा तोच पूल त्यानें तोडला असता. पुढें १८९५ सालीं टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० सालीं. मध्यंतरीं ताटातूट झाली, अश्रू गळले, आणि पुन्हा एकत्र संसार सुरू झाल्यावरही त्या आपलें सोंवळें पाळीतच राहिल्या. टिळकांच्या वाणीचा प्रभाव सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण आपल्या घरांत त्यांनीं त्या वाणीचा जुलूम केला नाहीं. लक्ष्मीबाईंच्या मनांतील जातिभेदाची गांठ त्यांच्या स्वतःच्याच विचारानें सुटली, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, “पाळकसाहेब, ऐकतच बसलों तर साक्ष द्यावी केव्हां? काळ थोडा आहे.” काळ थोडा आहे हें खरें, आणि म्हणूनच तो वायां घालवूं नये. ज्या पेरणाऱ्यानें जमीन न पाहतां खडकावर बीं टाकिलें, त्यानें वेळ वांचविला असें कोणता कुणबी म्हणेल? नांगरट, कुळवणी यांत दिवस जातात; पण त्यांस पेरणींतील खोळंबा असें कोणी म्हणत नाहीं. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायांत ऐकून घेण्यापूर्वीं उत्तर देणाऱ्यास मूर्ख म्हटलें आहे. त्यांत धर्मोपदेशकास वगळलेलें नाहीं. मोठ्या सभेंत आवाज दूर जावा म्हणून जें यंत्र लावितात, त्यास आपले लोक कर्णा म्हणतात. नांव कर्णा, पण त्यास कान नाहीं. आहे तें केवळ तोंड. सेवकानें कर्णा होऊं नये.

परंतु ऐकणें म्हणजे नुसतें गप्प बसणें नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. बगळाही तळ्याच्या कांठीं निमूट उभा असतो. त्याच्या ध्यानास कोणी भक्ति म्हणत नाहीं. समोरचा मनुष्य आपलें दुःख सांगत असतां आपल्या मनांत ‘आतां हें वचन लागू करावें’ असा डाव चालला असेल, तर आपण ऐकत नाहीं, मासा केव्हां वर येतो त्याची वाट पाहत आहों. खेड्यांतील माणसें शिकलेलीं नसतील, पण त्यांना बगळा ओळखतां येतो. एखादी म्हातारी उंबऱ्यावर बसून सर्व उपदेश शांतपणें ऐकून घेते आणि शेवटीं म्हणते, “मास्तर, तुमी लई चांगलं सांगता, पन माजं कोन ऐकतंया?” अशी म्हातारी गांवोगांव आहे. तिचा मुलगा शहरास गेला तो परतला नसेल, सावकाराचा तगादा दाराशीं असेल, किंवा गुडघे दुखत असल्यामुळें तिला पाणवठ्यावर जातां येत नसेल. तिला ज्यानें ऐकिलें, त्याच्या देवाविषयीं ती एखादे दिवशीं आपण होऊन विचारील. आणि विचारिलें नाहीं तरी तिला ऐकणें हें व्यर्थ जात नाहीं. कारण ती देवाची निर्मिति आहे, आमच्या वहींतील आंकडा नव्हे.

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहितों. गरजू मनुष्य पुष्कळदां जें विचारावें त्यास होय म्हणतो. उपाशी आहे, आजारी आहे, कज्ज्यांत सांपडला आहे. आपल्याला बरें वाटावें म्हणून तो मान डोलावितो. उतावळा उपदेशक त्या मानेस विश्वास समजतो. ऐकणारा मात्र ओळखतो कीं, हा भाकर मागतो आहे. भाकर मागणाऱ्यास आपल्या ऐपतीप्रमाणें भाकर द्यावी, आणि तिच्या बदल्यांत कोणाचें नांव लिहून घेऊं नये. असें घेतलेलें नांव पोट भरतांच गळून पडतें, आणि मागें मंडळीच्या सत्यतेवर डाग राहतो. शमरोनी शिमोनानें पैसा पुढें करून देवाचें दान मागितलें, तेव्हां पेत्रानें त्यास किती कडक शब्द लाविले, तें याच आठव्या अध्यायांत आहे. दान विकत घेणें जसें पाप, तसें विश्वास विकत घेणेंही पापच.

आतां जे नवे विश्वासी आहेत, त्यांच्यासाठीं सर्वांत कठीण गोष्ट. परक्या गांवीं ऐकणें सोपें. स्वतःच्या घरीं ऐकणें अवघड. तुमच्यांतील कित्येकांचे आईबाप, भाऊबंद अद्याप जुन्या मार्गानें चालत आहेत. त्यांना साक्ष द्यावी असें तुम्हांस वाटतें, आणि तें योग्यच आहे. पण त्यांच्या मनांत तुमच्याविषयीं जें साठलें आहे तें तुम्हीं ऐकिलें आहे काय? चुलता गेला तेव्हां तुम्ही दाराशीं उभे राहिलां नाहीं. बहिणीच्या लग्नांत पंक्तीस बसलां नाहीं. आईनें सणाची पोळी पाठविली ती परत आली. असें ज्या घरीं घडलें असेल, तेथील आई आपल्या लेकास काय म्हणेल? “द्येव बदललास, बदल बाबा, पर आय कशापायी बदललीस?”

बंधूंनो, या प्रश्नास वचनांची यादी हें उत्तर नव्हे. त्या माउलीच्या पायाशीं बसून तिचें सारें बोलणें, त्यांतील राग, शिव्या व हुंदके यांसह, मध्यें न तोडतां ऐका. आपला बचाव करूं नका. आपल्या प्रभूनें वधस्तंभावरून आपल्या आईची सोय केली. त्यास ती विसर पडण्याजोगी वाटली नाहीं. विश्वासाला बाध येईल असें कांहीं करावें लागत असेल तर तें नम्रपणें नाकारा. पण मर्तिकाचें दुःख, आजाऱ्याची शुश्रूषा, म्हाताऱ्याचा आधार, यांत विश्वासाला कोणता बाध आहे? मुलगा ख्रिस्ती झाल्यापासून आपलें अधिक ऐकतो, असें ज्या घरीं म्हणतात, त्या घरीं अर्धें शुभवर्तमान पोंचलें असें आम्ही समजतों.

आमच्या उपदेशक बंधूंस चार सूचना करून हा लेख पुरा करतों. पहिली ही कीं, कोणाच्या घरीं गेल्यावर आपला पहिला शब्द आपल्या पुस्तकाविषयीं नसावा; त्यांच्या माणसांविषयीं, पिकाविषयीं, आजाऱ्याविषयीं असावा, आणि उत्तर पुरें होईपर्यंत थांबावें. दुसरी, कोणाचा धर्म काय आहे तें त्याच्याच तोंडून ऐकावें. वारकऱ्यास, तो पंढरीस पायीं कां जातो, हें विचारावें. आपल्या पत्रिकेंत वाचून त्यास सांगूं नये. तिसरी, ऐकलेलें दुःख ही ठेव आहे. ती पुढच्या रविवारीं दृष्टान्त म्हणून व्यासपीठावर मांडूं नये आणि कामाच्या अहवालांत लिहूं नये. ज्या घरचें गुपित एकदां चव्हाट्यावर आलें, तें घर पुन्हा तोंड उघडत नाहीं. चौथी, नकारही ऐकावयास शिकावें. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हां प्रभूनें त्याच्यावर प्रीति केली होती. पण तो त्याच्यामागें हात धरावयास धांवला नाहीं. जो जातो त्याच्याशीं आपला राम राम तुटूं देऊं नये. शेजारधर्म विश्वासाच्या अटीवर चालत नाहीं.

शेवटीं मूळ गोष्ट ही कीं, ऐकणें हें आपण शोधून काढलेलें साधन नव्हे. तो आपल्या देवाचा स्वभाव आहे. हागार रानांत एकटी होती, तेव्हां तिच्या होणाऱ्या मुलास जें नांव मिळालें त्याचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. ती अब्राहामाच्या घरची दासी, मिसरी बाई. तरी तिचें ऐकिलें गेलें. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायांत जळत्या झुडपांतून देव मोशेशीं बोलतो, तेव्हां फारोकडे पाठविण्याची आज्ञा मागाहून येते. आपल्या लोकांचा आक्रोश आपल्या कानीं आला आहे, हें आधीं येतें. त्यानें आधीं ऐकिलें आणि मग पाठविलें. ज्यानें आपणांस पाठविलें त्याच्यासारखें आपण व्हावें, एवढेंच मागणें आहे.

तर येत्या आठवड्यांत आपल्या आळींतील एकाच घरीं जा. कांहीं सांगण्यासाठीं नव्हे, ऐकण्यासाठीं. परत आल्यावर त्या घरच्या माणसांचीं नांवें घेऊन देवापुढें गुडघे टेका, आणि काय बोलावें व केव्हां बोलावें हें त्यालाच विचारा. जो आपलें ऐकतो तो आपणांस ऐकणारे कान देवो. आमेन.